शून्यापासून मोजलेल्या बारा कवळ्या

ती. मामा यांस,

साष्टांग नमस्कार. (राग आहेच, पण नमस्कार नमस्काराच्या जागी आणि राग रागाच्या जागी.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला थांबला का? मी इकडे मुळीच ठीक नाही आणि त्याला कारण तुम्ही आहात. हे वाक्य मी आधी कच्च्या कागदावर तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिलं. तिन्ही वेळा कारण तुम्हीच निघालात.

चार महिन्यांपूर्वी तुम्ही आमच्या दुकानात आला होतात, ते आठवत असेल. पुढे काउंटर, मागे कामाची खोली, आणि त्या खोलीत आम्ही तीन माणसं लोकांच्या कवळ्या बनवतो, मोडलेल्या सांधतो, डागाळलेल्या पॉलिश करतो. मी तेव्हा मागच्या मोरीत साच्याचं प्लास्टर धूत होतो. तुम्ही काउंटरवर कोपर टेकून आमच्या मालकीणबाईंना म्हणालात, “अहो, याचं अक्षर बघा, याचं शुद्धलेखन बघा! याला प्रोग्रामिंग शिकवा. चार महिन्यांत सगळं दुकान कॉम्प्युटरवर आणून दाखवतो की नाही बघा.” तुम्हाला कुणी विचारलं होतं, मामा? आठ वर्षं मी डब्यांवरची नावं हाताने लिहीत होतो. आठ वर्षांत एक दात इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि माझं अक्षर चांगलं आहे, हे खरं आहे, पण कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? सगळ्यांचं अक्षर त्याच्यावर सारखंच उमटतं. ज्या एका गोष्टीत मी चार लोकांत उठून दिसतो, तीच तिथे निकामी.

मालकीणबाईंनी मला प्रोग्रामिंगच्या क्लासला घातलं. तो टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरतो. सोळा खुर्च्या, त्यांतल्या चौदांना पाठ आहे. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पण मला ‘दादा’ म्हणतात आणि असं म्हणतात की जणू मी जिन्यावरून पडलो आहे. पहिल्या दिवशी म्हणाल्या, “समजा, एक डबा आहे.” मी विचारलं, केवढा? झाकणाचा की बिनझाकणाचा? म्हणाल्या, नुसता समजा. आता मी डब्यांतलाच माणूस. आमच्या डबीत एक कवळी असली की दुसरी मावत नाही, आणि कोंबली तर कळतं. त्यांच्या डब्यात दुसरी वस्तू ठेवली की पहिली नाहीशी होते, आवाजसुद्धा होत नाही. मी विचारलं, पहिली जाते कुठे? “कुठे जात नाही, दादा. ती नसतेच.” मामा, हे काय उत्तर झालं? उद्या मी एखाद्या आजोबांना म्हणू का, की तुमचे दात कुठे गेलेले नाहीत, ते नसतातच?

पुढचं तर विचारू नका. मी अर्धं पान लिहून द्यायचो, एक काना-मात्रा चुकलेली नाही, आणि यंत्र लाल अक्षरांत म्हणायचं की चौदाव्या ओळीत चूक आहे. चौदावी ओळ मी अकरा वेळा वाचायचो. चूक नवव्या ओळीत असायची. (नवव्या ओळीत काही राहिलं म्हणून चौदाव्या ओळीत बोंब मारायची ही कुठली रीत?) एकदा त्याला ‘नमस्कार’ असं छापत राहा म्हणून सांगितलं आणि कधी थांबायचं ते सांगायचं राहून गेलं. वायर उपटेपर्यंत ते नमस्कार करत होतं. अहो, चिकट पाहुणासुद्धा घड्याळाकडे बघून उठतो! आणि मग एक दिवस मॅडमनी फळ्यावर यादी काढली आणि सांगितलं की यादीतल्या पहिल्या नावाचा नंबर शून्य. मी हात वर केला आणि विचारलं, “शून्याव्या माणसाला तोंड असतं का?” अख्खा क्लास हसला. मी विनोद केलेला नव्हता. मला शंका होती. “सवय होईल, दादा,” मॅडम म्हणाल्या. झाली नाही, आणि त्यातूनच हे सगळं घडलं.

गेल्या महिन्यात दुरुस्तीला आलेल्या बारा कवळ्या तयार झाल्या. भिंतीवरच्या फळीला बारा खण आहेत, त्यांवर ऑइलपेंटने एक ते बारा आकडे आहेत. प्रत्येक खणात, रजिस्टरमधल्या यादीच्या क्रमाने, एक बंद डबी. (कवळी धुऊन पाण्यात ठेवली की झाकण पुन्हा उघडायचं नाही, हा मालकीणबाईंचा नियम, आणि नियम मोडणारा मी नव्हे.) मालकीणबाई म्हणाल्या, रजिस्टर राहू दे, आता तुझ्या प्रोग्रामनेच लेबलं काढ. काढली. सुबक निघाली, नंबर आणि नाव. एक नंबरचं लेबल एक नंबरच्या खणातल्या डबीला लावलं, दोन नंबरचं दोनच्या, असं अकरापर्यंत. शेवटी बारावा खण बिनलेबलाचा राहिला आणि माझ्या हातात एक लेबल राहिलं, त्याच्यावर नंबर शून्य. आता नीट ऐका, मामा. एखादा गबाळा माणूस असता तर इथे म्हणाला असता, हे काय शिल्लक राहिलं बुवा, आणि मालकीणबाईंना जाऊन विचारलं असतं. मी गबाळा नाही. मी विचार केला: लेबलं बारा, डब्या बारा, एक लेबल उरलंय, एक डबी उरलीय, म्हणजे हे तिचंच. लावलं, कडा बोटाने दाबल्या, हिशेब जुळला म्हणून हात धुतले. मामा, माझ्या काटेकोरपणामुळे चूक अशी गोल फिरून पूर्ण झाली, की बाराच्या बारा माणसांना यादीतल्या शेजाऱ्याचे दात गेले. एकसुद्धा वाचला नाही.

डब्या लेबलांप्रमाणे लोकांनी नेल्या, आणि तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सात माणसं दाराशी उभी होती, सगळ्यांचा रुमाल तोंडावर. एका वकिलांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची कवळी गेली होती. ती त्यांच्या वरच्या हिरडीवर एखाद्या लहान मुलाच्या टोपीसारखी बसली होती, आणि ते तशातच कोर्टात उभे राहिले होते. त्यांनी मला काय काय म्हटलं ते मला अर्धंच कळलं, पण उरलेलं अर्धं त्यांनी हातांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत अकरा कवळ्या परत आल्या. मी प्रत्येक उकळत्या पाण्याने धुतलेल्या भांड्यात वेगळी ठेवली आणि रजिस्टर बघून ज्याची त्याला दिली. बारावी आली नाही. ती यादीतल्या पहिल्या माणसाची, म्हणजे एका निवृत्त हेडमास्तरांची, आणि ती गेली आहे यादीतल्या दुसऱ्या नावाच्या बाईंकडे, कारण यंत्राच्या हिशेबी एक नंबर त्यांचा.

हेडमास्तर रोज सकाळी येऊन काउंटरसमोरच्या बाकावर बसतात ते दुकान बंद होईपर्यंत उठत नाहीत. सोबत दुधाचा थर्मास. पहिल्या दिवशी मी म्हटलं, सर, काही तरी बोला, मला शिव्या द्या. “बोलू कशाने?” ते म्हणाले, “बोलायला काही ठेवलंयस तोंडात?” तेव्हापासून नुसते बघतात. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवतात.

मी त्या बाईंकडे दोनदा गेलो, त्यांची स्वतःची कवळी (अकरांतली तेवढीच द्यायची राहिली होती) नव्याने पॉलिश करून डबीत घेऊन. अत्यंत हट्टी, आडमुठ्या आणि कांगावखोर बाई आहेत. दार चार बोटं उघडून म्हणाल्या, “कवळी माझीच. माझ्या तोंडात आहे ना? मग कुणाची?” मी त्यांना यादी, खण, शून्य, सगळं समजावलं. म्हणाल्या, “आधीची जेवताना खडखडायची. ही कशी गुपचूप बसते. त्या मास्तरला म्हणावं, माझी घाल आणि खडखड कर.” मी हात जोडले तर दात दाखवून हसल्या. हेडमास्तरांचे दात, मामा! मी ओळखले. डावीकडचा सुळा मीच बसवला होता.

मालकीणबाईंनी काल सगळ्यांसमोर सांगितलं, “शनिवारपर्यंत मास्तरांच्या तोंडात मास्तरांचे दात दिसले पाहिजेत. नाही दिसले तर रविवारपासून तू दिसू नकोस.” नवी कवळी करून देतो म्हटलं तर हेडमास्तर मान हलवतात, बावीस वर्षांची सवय आहे म्हणे. आठ वर्षांची नोकरी, मामा! मला दुसरं काही येत नाही. जे येत होतं ते तुम्ही कॉम्प्युटरवर आणायला लावलंत. तेव्हा कळवतो की प्रोग्रामिंगचं नाव आता माझ्यासमोर काढायचं नाही. वहीची लिहिलेली पानं फाडली, कोरी ठेवली.

घरात सगळ्यांना यथायोग्य सांगावं. राग कमी झालेला नाही, कागद संपत आला आहे.

तुमचा (अजून तरी)
भाचा

ता. क. ज्या बाईंबद्दल वर लिहिलं आहे, त्या तुमच्या सासूबाई. हट्टी, आडमुठ्या आणि कांगावखोर हे शब्द मी मागे घेतो. खोडले नाहीत, कारण पानावर खाडाखोड मला बघवत नाही. तुम्ही दोघं तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाही, हे मला माहीत आहे. का बोलत नाही, हेही त्यांनी परवा दाराच्या फटीतून मला पाऊण तास सांगितलं. त्यांचं म्हणणं, जावयाने स्वतः यावं, उंबऱ्याशी उभं राहून “आई, माझं चुकलं” म्हणावं, मग त्या कवळी काढून हातावर ठेवतील. अट एवढीच आहे.

ता. क. दुसरं. तुमच्या वतीने मी होकार कळवला आहे. गुरुवारी सकाळी दहा वाजता. हेडमास्तरही येतील, ते उशिरा येणाऱ्यांना चालवून घेत नाहीत.

ता. क. तिसरं. मला स्वतःला यायला जमणार नाही. लेबलांच्या प्रोग्राममध्ये नंबरात फक्त एक मिळवायचा राहिला होता, तो काल मिळवला, आणि बाराच्या बारा नावं आपापल्या खणात पडली. पुन्हा चालवून बघितलं. मग उगीचच आणखी चार वेळा. गुरुवारी दहाला क्लासची परीक्षा आहे, ती मी बुडवणार नाही.