दातांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर

सोमवार, ४ मार्च

नाही म्हणजे नाही. माझी कार्डं मी देणार नाही.

दादाच्या जावयाने आज ऑफिसात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं — ‘आत्या, आता ग्राहक सांभाळायला सॉफ्टवेअर घेऊ या.’ जसे काही बावीस वर्षं आम्ही ग्राहक वाऱ्यावर सोडले होते! आमचा धंदा तो काय? जुनी घरं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची नाहीतर भाड्याने द्यायची. घर पारखणं दादाचं काम. घरमालकांशी बोलणं माझं. कोण विकणार, कधी, कशापायी अडलंय, दुपारी कोणाला फोन करायचा नाही, घरात खरा शब्द कोणाचा चालतो — सगळं माझ्या कार्डांवर. तीन खण, चौदाशे कार्डं.

दादा? चष्मा पुसत बसला. एकीकडे बहीण, दुसरीकडे जावई असला की त्याचा चष्मा फार मळतो.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभरात अकरा फोन. सॉफ्टवेअरची चौकशी कोणीही केली नाही.

गुरुवार, ७ मार्च

सॉफ्टवेअरवाला आला. दोन तास पडद्यावर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकवत होता. प्रत्येक घरमालक एका चौकोनात बसलाच पाहिजे — गरम, कोमट, थंड. माणसं आहेत की आंघोळीचं पाणी? तीनदा नाही म्हणाला की यंत्र त्याला आपोआप ‘बाद’मध्ये टाकतं.

मी शिवणकाम करणाऱ्या बाईंचं विचारलं. सहा वर्षं त्या मला नाही म्हणताहेत. पण दर वर्षी फोन त्याच करतात आणि अर्धा तास बोलून मग नाही म्हणतात. त्यांना कुठे ठेवू?

‘बाद,’ तो अगदी प्रेमाने म्हणाला.

शिवाय सोबत एक यादी मिळते म्हणे. गावातलं कोण घर विकेल त्याची, शंभरपैकी मार्क देऊन. मालकाचं वय, घर केवढं, राहतात किती जण, यावरून. मालकाला न विचारता! जावईबापू खुलून म्हणाले, ‘आत्या, तुम्ही जे अंदाजाने करता तेच हे आकड्यांनी करतं.’

मी अंदाज करत नाही. मी विचारते.

शनिवार, ९ मार्च

आता कळलं सगळं. दाराआडून ऐकलं — ऐकलं तर ऐकलं, माझंच ऑफिस आहे. जावई दादाला सांगत होता, ‘एकदा हे बसलं की फोन करायला बाहेरची माणसं मिळतात. आत्यांना आता आराम द्या.’

आराम! छप्पन्न वर्षांची आहे मी, शंभर नाही. नवरा गेला तेव्हा या फोनने मला उभं केलं. ती खुर्ची गेली तर सकाळी उठून मी करू काय? दारं-खिडक्या पुसू?

दादा म्हणाला, ‘बघू.’ त्याच्या ‘बघू’ची मला भीती वाटते. हे लिहून ठेवते, कोणाला सांगणार नाही.

सोमवार, ११ मार्च

दाढ भरून घेतली. आणि भलतंच काहीतरी सापडलं.

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तिथल्या काउंटरवालीचा पडदा दिसत होता. एका कुटुंबातली सगळी माणसं एकाखाली एक जोडलेली. पुढे रकाने — पुन्हा कधी बोलवायचं. कोणी पाठवलं. फोन कोणत्या वेळी नको. आणि चक्क एक रकाना ‘भीती’चा! मी खुर्ची पुढे ओढली.

‘तुमचंच पान उघडलंय,’ ती म्हणाली. ‘भीती : भरपूर, असं लिहिलंय.’

ते जाऊ दे. पण हे माझं कार्डच होतं की! घर विकणारा आणि दात काढायला आलेला, दोघं सारखेच. दोघांनाही ठाऊक असतं की करायचंय, आणि दोघं वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. इथे ‘बाद’ नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा बोलवा, एवढंच. दाढ भरून निघताना तोंड बधिर होतं, तरी कंपनीचं नाव विचारून घेतलं. तिला तीनदा सांगावं लागलं.

बुधवार, १३ मार्च

कंपनीला फोन केला. ‘मॅडम, हे फक्त दातांच्या दवाखान्यांसाठी आहे.’ म्हटलं, चालेल. ‘पण दात क्रमांक भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही.’ म्हटलं, तिथे मी खोल्यांचा आकडा घालीन. ‘खोल्यांचा?’ असं पलीकडच्याने दोनदा विचारलं. मग महिनाभर वापरून बघायला दिलं.

जावई इतका हसला की त्याला ठसका लागला. हसू दे. दादाने सांगितलं, तेवीस तारखेला दोघांनी आपापलं मांडा, मग ठरवतो.

सोमवार, १८ मार्च

डोळ्यांच्या खाचा झाल्या. तीनशे कार्डं भरली. ‘कोणी पाठवलं’ हा रकाना भरताना हात थांबला. आम्ही घेतलेली शेवटची चाळीस घरं काढून बघितली. त्यातली सव्वीस माणसं कोणी पाठवली? ज्यांची घरं आम्ही घेतलीच नाहीत त्यांनी! ज्यांना मी म्हटलं होतं, ‘आत्ता विकू नका, मुलीची परीक्षा होऊ द्या,’ त्यांनी. एकट्या शिवणकामवाल्या बाईंनी पाच जण पाठवलेत. जावयाच्या यंत्राने त्यांना पहिल्या तीन वर्षांतच बाद केलं असतं.

मोठ्याने हसले. बाजूच्या टेबलावर घरांचे नकाशे काढतो तो आमचा नकाशेवाला दचकला.

शनिवार, २३ मार्च

जिंकले!

आधी मी बोलले. सव्वीस माणसांची नावं एकेक करून वाचली. मग जावयाने आपली यादी भिंतीवर मोठी करून दाखवली. पहिलं नाव, ब्याण्णव मार्क — दादाचं स्वतःचं घर! मालक सत्तरीच्या पुढे, घर दुमजली, राहणारा एकटा. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली, यंत्राने तेवढं बरोबर हेरलं आणि पुढचं सगळं चुकवलं.

जावयाचे कान लाल झाले. ‘कधी कधी चुकतं हे,’ म्हणाला. मी सोडते होय! म्हटलं, ‘जावईबापू, तुमच्या यंत्राने सासऱ्यांनाच गिऱ्हाईक केलं. आता त्यालाच ‘बाद’मध्ये टाका.’ नकाशेवाला तोंड फिरवून हसला.

दादा तेवढा हसला नाही. भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘दातांचंच घ्या. फोन हीच करेल.’ आणि उठून गेला.

खुर्ची माझी. बावीस वर्षं ज्याच्या शेजारी बसते त्या माणसाला मी ओळखते की ते यंत्र? घरापर्यंत चालत आले, रिक्षा केली नाही.

सोमवार, २५ मार्च

दुपारी दादा माझ्या टेबलाशी आला. घरमालकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसला.

‘माझी नोंद घाल,’ म्हणाला. ‘त्या यादीत बरोबर होतं. घर विकायचंय. वर्ष झालं ठरवून. वरच्या मजल्यावर जाववत नाही मला.’

‘अरे, मग मला बोलला का नाहीस?’

‘सगळ्या गावाला विचारत असतेस. म्हटलं, कधीतरी माझा नंबर लागेल.’

लाज वाटली. फोन वाजत होता, उचलला नाही. दादाला विचारायला बसले, अगदी पहिल्यापासून.