दारात अडकलेला लेथ

चि. मेहुणेराव यांस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, माझा डावा अंगठा वगळता. तुझी पाठ कशी आहे? दुखत असेल तर या रविवारी सासूबाईंना कायमचं न्यायला येण्याची घाई करू नकोस. पाठ महत्त्वाची.

त्यातून अडचण अशी, की त्यांची ट्रंक खोलीबाहेर निघत नाही. दारात लेथ आहे, लाकूड गरगर फिरवून कांतायचं यंत्र. निवृत्त माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा असं तुझ्या बहिणीचं मत (मी दिवसभर समोर दिसू नये, एवढाच त्याचा अर्थ), म्हणून मी लाकडाचं कांतकाम शिकायचं ठरवलं. दुकानदार बिचारा घसा फोडून सांगत होता, की पहिला लेथ आखूड आणि वजनदार घ्या, उरलेले पैसे चांगल्या पटाश्या, लाकूड पकडायचा चक, धार लावायचं चाक आणि चेहऱ्यावरची काच यांत घाला. मी विचारलं, सगळ्यात लांब कोणता? (मला पलंगाचे खांब कांतायचे होते. आपल्या घरात खांबांचा पलंगच नाही, हे तुझ्या बहिणीने नंतर लक्षात आणून दिलं.) तर आता यंत्राचं डोकं बाहेरच्या खोलीत आणि शेपूट सासूबाईंच्या खोलीत. माणूस अंग चोरून कसाबसा जातो, ट्रंक जात नाही.

चक घ्यायचा राहिला होता, त्यामुळे पहिला ओंडका सुटून थेट कपाटाच्या आरशावर गेला. मग चक आला, चेहऱ्यावरची काचही आली. धार लावायचं चाक मात्र मी चैन समजून टाळलं. बोथट पटाशी लाकडावर असली किंचाळली, की सासरे गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या तुझ्या मातोश्री उठून शेपटाशी आल्या आणि माझा उद्धार करू लागल्या. त्यांना यातलं माझ्याइतकंच कळतं, म्हणजे काही नाही. पण रोज सकाळी तिकडून त्या ओरडतात, इकडून मी. वाटी करायला घेतलेल्या लाकडाचा परवा भोवरा झाला. त्यात चूक कोणाची यावर आमचं दुपारपर्यंत वाजलं, आणि मग त्या पोट धरून हसल्या. तुझी बहीण स्वयंपाकघरात जाऊन रडली. कांदा नव्हता.

बाकी ठीक. पाठ जप.

तुझा,
दाजी

ता. क. काल त्या मला ‘गाढवा’ म्हणाल्या. जावयाला! जीभ चावून लगेच ‘अहो’वर आल्या, पण मला फार बरं वाटलं. माझी आई गेल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं. तुझ्याकडे यायचंय असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं ते लेथच्या आधी. आता एकदा पुन्हा विचारून बघ.

ता. क. २. लेथ चार बोल्टांवर आहे, पाच मिनिटांत निघतो. पण पाना सापडत नाहीये. सासूबाईंच्या उशीखाली आहे असा मला संशय आहे. मी शोधणार नाही.