खुर्चीवाली

प्रिय खारूताई,

छापील अक्षरातलं पत्र पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. टाइप केलेलं पत्र म्हणजे नोटिशीचा भाऊ, असं मीच तुला एकदा सुनावलं होतं. सध्या चालवून घे. तू बरी आहेस ना? तुझ्या यजमानांची पाठ कशी आहे? तुझी वहिनी सांगत होती, तुझ्या हाताखाली आता दोघीजणी शिकतात आणि तू केलेली कवळी लावून कुणी आजोबा सफरचंद कडाकडा खाऊन दाखवतात. माझ्या बाहुल्यांची नखं कोरणारी पोर आता गावाला दात पुरवते, म्हणून मला फार हसू आलं. तू ही खोली सोडून गेलीस तेव्हा मी तोंड फुगवून बसलो होतो, पण या खोलीत दोघांनीही म्हातारं होण्यात शहाणपणा नाही हे मला तेव्हाच कळत होतं.

आपला बाहुल्यांचा सिनेमा कुठवर आला, हे तू विचारणारच. सगळेच विचारतात, आणि विचारताना घरात कुणी आजारी असल्यासारखा आवाज काढतात. तर ऐक. आपली खुर्चीवाली म्हातारी पाठीला खुर्ची बांधून बसायला जागा शोधत निघाली, ती बाजारातून, पुलावरून, दवाखान्याच्या दारातून, सगळीकडून हाकलली गेली. आता शेवटचा प्रसंग तेवढा उरलाय. मोकळं मैदान, थोडं चालायचं, खुर्ची टेकवायची आणि बसायचं. पडद्यावर मिनिटभराचंही काम नाही. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, हे तुला काय सांगायचं? चार पावलं चालून झाली की आपण दोघं लढाई मारल्यासारखे जेवायला बसायचो.

खोलीचे नियम तेच आहेत. खिडकीला काळा कागद, पंखा बंद, अंगात काळा सदरा. तुझ्या पिवळ्या स्वेटरची झाक गालावर पडून म्हातारीला कावीळ झाली होती आणि तेवढं सगळं काम आपण फेकून दिलं होतं, आठवतं ना? एकदा प्रसंग सुरू झाला की तो संपेपर्यंत टाचणीसुद्धा जागची हलवायची नाही. सकाळी दाढी, चहा, आणि रेडिओ, फोन, वर्तमानपत्र यातलं काहीही डोक्यात शिरायच्या आत बाहुलीला हात. लोकांना वाटतं, माझा निग्रह केवढा! कसला निग्रह? मी भित्रा माणूस आहे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी आत पाऊल टाकायचा धीर होणार नाही, या धास्तीनं मी इतकी वर्षं रोज जात राहिलो. तुझी वहिनी म्हणायची की बाहुलीच्या पावलाला अख्खी सकाळ, आणि माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालायला यांना सवड नाही. खोटं नव्हतं ते.

मग म्हातारी थरथरायला लागली. काढलेले फोटो ओळीनं चालवून पाहिले की तिचा हात हलायचा, खुर्चीचा पट्टा धरलेली बोटं लटलटायची. मी आधी रस्त्यावरच्या ट्रकांना दोष दिला. मग वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेलो आणि कपडे धुण्याचं मशीन दिवसा लावू नका म्हणून हात जोडले. बिचाऱ्या कामावरून दमून आल्यावर संध्याकाळी कपडे धुवायला लागल्या. तरी थरथर होतीच. शेवटी तुझ्या नावानं खडे फोडले. म्हटलं, खारीनं घाईघाईत केलेले गुडघे आणि मनगटं सैल पडली असणार. सगळा सांगाडा उघडला. तुझी एकेक पितळी गोळी अजून खोबणीत अशी घट्ट बसलीय की मला लाज वाटली. पुन्हा कातडं चढवलं, पुन्हा पहिल्यापासून प्रसंग सुरू केला.

एक दिवस तुझ्या वहिनीला काम दाखवायला बोलावलं. ती कधी तोंडभर कौतुक करत नाही, तुला माहीत आहे. पण त्या दिवशी बघता बघता तिचे डोळे भरून आले. म्हणाली, अहो, किती खरी वाटते ही, म्हातारपणी हात अगदी असाच कापतो. मी मान डोलावली आणि पाण्याचा ग्लास उचलायला गेलो, तेव्हा पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. म्हातारीला तो कंप मी मुद्दाम दिला नव्हता, खारू. तो माझा होता. पुढच्या आठवड्यात कुणाला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आलो. भला माणूस आहे, गोड बोलून सांगितलं की गोळ्यांनी थोडं थांबेल, पण हे वाढत जाणारं दुखणं आहे.

तू म्हणशील, मग कापू दे की हात, म्हातारीच तर आहे. मीही मनाची तशीच समजूत घालून पाहिली. पण साऱ्या सिनेमाभर ती ताठ चालते, कुणापुढे वाकत नाही, तेवढीच तर तिची मिजास आहे. आणि आता गोष्ट नुसत्या कापण्यावर राहिलेली नाही. मी तिचं पाऊल पुढे सरकवायला जातो तर ते मागे जातं, मधेच धक्का लागून ती आडवी होते, आणि सगळं पुन्हा मुळापासून. अशी ती किती वेळा पडली ते मोजायचं मी सोडून दिलं. गोळ्या घेऊन मनासारखी थोडी पावलं जमवली, त्यानंतर तिला हात लावायची हिंमत झालेली नाही. तरी रोज दाढी करतो, काळा सदरा घालतो, आत जाऊन दार लावतो आणि तिच्यासमोर नुसता बसतो. शिस्त शाबूत आहे, काम मेलं. इतकी वर्षं मनाला वेसण घातली, आणि दगा हातांनी दिला. कधी कधी वाटतं, एक फटका मारून सगळं मैदान उधळून द्यावं. तुझी वहिनी चहा दाराशी ठेवून जाते. हल्ली ती कप अर्धाच भरते.

आता खरं काम सांगतो. हाताने चार वेळा लिहायला घेतलं, पण ते अक्षर तुला दाखवण्यासारखं नव्हतं. माझी विचारपूस करायला येऊ नकोस, रडायला तर मुळीच नको. पण सुट्टी काढून ये, काळे कपडे आण आणि तुझे ते दात घडवणारे हात आण. मी बाजूला बसून सांगेन, किंवा तू म्हणशील तर खोलीबाहेर थांबेन. म्हातारी मैदानाच्या मधोमध उभी आहे, एका पायावर. दुसरा पाय उचललेला आहे, तो खाली टेकवणं माझ्याच्यानं होत नाही. किती वर्षं ती खुर्ची पाठीवर घेऊन हिंडतेय गं. तिला बसव.

तुझाच,
दादा