आत कुणी नाही

१ एप्रिल १९९६, इचिकावा
आलो एकदाचा जपानला. फ्लॅट छान आहे, स्टेशन पाच मिनिटांवर, खालीच कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं किराणा दुकान. कचरा मात्र चार पिशव्यांत वेगवेगळा टाकायचा; पुण्यात लग्न जुळवतानासुद्धा एवढी चिकित्सा होत नाही. काम झकास आहे. पुढं अंतराळ स्थानकावर जायच्या एका खोलीची हुबेहूब नक्कल आमच्या शेडमध्ये उभी आहे. मालवाहू यान येऊन जोडलं गेलं की सामान कसं उतरवून घ्यायचं, याची तालीम तिघं जण तिच्यात करतात. तालीम झाली की दार लावून पंपानं आतली हवा काढतात, गळती तपासायला. त्याचं सॉफ्टवेअर मी लिहायचं.

३ एप्रिल
हसून हसून पोट दुखलं. पंप लावण्याआधी चांगले शिकलेसवरलेले इंजिनियर रिकाम्या खोलीकडे बोट रोखून मोठ्यांदा म्हणतात, आत कुणी नाही. मग तीन श्वास माना खाली घालून थांबतात. का, तर कुणी असलंच तर त्याला ओ देता यावी. चंद्रशेखरकाकाही त्यांच्यात. हे मूळचे ठाण्याचे, बायको इथली, वीस वर्षं दुभाष्याचं काम. पार जपानी झालेत.

१० एप्रिल
तो बोटांचा तमाशा बंद केला. खोलीत श्वास मोजणारं मीटर आहे, त्यावरून आत माणसं किती ते बाहेरच्या स्क्रीनवर येतं; दाराच्या काचेतून तो आतूनही दिसतो. शून्य आलं आणि दाराला बाहेरून कडी लागली की पंप आपोआप सुरू. साहेब खूश. काकांनी विचारलं, जयेश, बोट दाखवायला तुझं काय जातं रे? मी म्हटलं, काका, तुम्ही भाषांतर करा.

१५ एप्रिल
आत तिघं, स्क्रीनवर चार. तिघं बाहेर आले, स्क्रीनवर एक. शून्य येईना, म्हणून पंप अडून बसला. मीटर टाकाऊ, दुसरं काय. काका म्हणतात, तो एक पहिल्यापासून आहे, आधीची माणसं त्याला धरूनच चालत. धन्य आहे. मी प्रोग्रॅममध्ये एका ओळीत वजा एक लिहिलं, प्रश्न मिटला. या लोकांना इतक्या वर्षांत एवढं सुचलं नाही.

१८ एप्रिल
आज आत तिघं, स्क्रीनवर दोन. म्हणजे मीटरनं तीनच मोजले, त्यातून माझा एक वजा. मीटर उघडून पाहिलं, बिघाड नाही. तो जास्तीचा एक आता आत नाही. काकांना हसत सांगितलं. ते हसले नाहीत. मोजत नाही म्हटल्यावर तिथं कोण कशाला थांबेल, म्हणाले. वजा एक काढून टाक म्हणून विनवण्या करत होते. कीव आली.

१९ एप्रिल
दाराला दोनदा कडी लागलेली सापडली. कुणी लावली, कुणी सांगत नाही. तिघांनी आत जायला नकार दिला. भित्रे लेकाचे. सोमवारपर्यंत निस्तरलं नाही तर साहेब मला परत पाठवणार. ठीक, मीच आत जाऊन दाखवतो. टेबलाशी बसलं की मानेवर कुणाचा तरी श्वास — एसी असेल.

२२ एप्रिल, दुपारी १२.२०
सगळे जेवायला गेलेत. मी आत, वही हातात. पंप बंद ठेवून जा, असं काका म्हणाले होते. हट्. कडी बाहेरून लागते, आणि बाहेर कुणी नाही. स्क्रीनवर एक आला तर तो माझ्याबरोबर आत. शून्य आलं तर —

१२.२४
शून्य. आत मी एकटा. मग तो बाहेर —

दार लागलं. मी नाही लावलं.

कडी.

पंप सुरू. कान फुटतायत. काकांना हाका मारल्या, काच जाड — वजा एक काढायला हवं, पण मशीन बाहेर, माझ्या टेबलावर —

भीती वाटते आहे. फार भीती —

स्क्रीनवरचा आकडा बदलला. वजा एक. म्हणजे आत श्वास घेणारं कुणीच नाही. पण मी तर अजून लिह