मार्सेलीनला ब्लोअर हवाय

बार्टन, व्हरमाँट
राखेच्या बुधवारानंतरचा शनिवार

ती. ब्लांशताईस धाकट्या थिओफिलचा टोपी काढून नमस्कार. (घरात बसून लिहितोय म्हणून काढली. बाहेर काढली असती तर कान गळून पडले असते.) फ्लोरिडाच्या उन्हानं तुझे गुडघे मोकळे झाले असतील, आणि शेजारची ती बाई पत्त्यांत अजून लबाडी करत असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठीक. बर्फ खिडकीला टेकलंय. मेपलच्या झाडांना नळ्या ठोकून झाल्यात. दुपारचं ऊन जरा तापलं की रस गळायला लागेल, मग तो आटवून पाक करायचा.

पण रसाच्या आधी घरात ब्लोअर शिरलाय. यंत्र नव्हे, नुसता विषय; तरी आवाज पुरेसा आहे. मार्सेलीनला आपल्या गुऱ्हाळाच्या चुलाणाला ब्लोअर बसवायचाय. जाळीखालून जोराचा वारा मारायचा, म्हणजे लाकूड भडकून पेटतं, काहिलीतला रस लवकर आटतो, आणि वर जळणही कमी लागतं. हे सगळं खरं आहे, म्हणूनच माझी पंचाईत झालीये. चुकीच्या गोष्टीला नाही म्हणायला काय लागतं? बरोबर गोष्टीला नाही म्हणायचं तर माणसाला खोकला तरी यावा लागतो. मी पंधरवडाभर खोकतोय.

तू म्हणशील, घे की मग मुकाट्यानं. ताई, मुकाट्यानं हीच तर अडचण आहे. वर्षभर आम्ही नवराबायको काय बोलतो? "मीठ दे." "कुत्र्याला आत घे." पण रस आटवायच्या दिवसांत मी काहिलीपाशी, ती चुलाणाच्या दाराशी, वर वाफेचं छत, आणि मग कुठून कुठून बोलणं निघतं. पोरींची नावं आम्ही तिथे ठरवली. आई गेली त्या वर्षी मी रडलो तो तिथेच (वाफेत कळत नाही). मी चर्चमध्ये गातो तेव्हा पुढच्या बाकावरचे लोक खांदे का हलवतात, तेही तिनं मला तिथेच सांगितलं. आता त्यात ब्लोअर घरघरत ठेवायचा, म्हणजे उरलं काय?

तरी न बघता नाही म्हणू नये म्हणून हार्लन पीस्लीकडे जाऊन आलो. (तोच तो, ओढ्यापलीकडचा, ज्याचं लोणचं तू एकदा कुत्र्याला घातलंस.) त्याचा ब्लोअर सुरू झाला की तो आणि त्याची बायको चौकातल्या पोलिसांसारखे हातवारे करतात. हार्लन म्हणतो, "थिओ, हा आल्यापासून आमचं एकदाही भांडण झालं नाही बघ!" ते त्यानं कौतुकानं सांगितलं. मला मात्र घरी येईपर्यंत थंडी वाजली.

मग दुकानदाराकडे गेलो. त्यानं मला समजावलं की वारा भरपूर असणं वेगळं आणि वाऱ्यात जोर असणं वेगळं. एक ब्लोअर ढीगभर हवा फेकतो, पण समोर निखाऱ्यांचा थर आला की ती मागे फिरते. दुसरा थोडीच फेकतो, पण ती थर फोडून वर जाते. मला आपल्या कुटुंबातली माणसं एकेक करून आठवली. गॅस्टनमामा पहिल्या जातीचा. मार्सेलीन दुसऱ्या. मी कुठला ते तू सांगू नकोस.

विकत घेण्याआधी अनुभव घ्यावा म्हणून हार्लनचं वाळकी पानं उडवायचं यंत्र मागून आणलं. हंगामाआधी काहील धुवायला आपण नुसतं पाणी उकळतो ना, त्याच दिवशी प्रयोग ठरवला. जाळ धरला, यंत्राची नळी जाळीखालच्या राखेच्या भोकात खुपसली आणि बटण दाबलं. चुलाण असं गरजलं की कुत्रा बर्फात पळाला. पाणी क्षणात खदखदायला लागलं, आणि खरं सांगतो, माझंही मन जरा पाघळलं. एवढ्यात मार्सेलीननं लाकूड घालायला दार उघडलं. वारा बंद केल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. मी ओरडलोही. पण ऐकू कुणाला येणार? शिवाय गेल्या सालची राख खालून काढायची राहिली होती. (माझंच काम.) ती सगळीच्या सगळी दारातून बाहेर आली. बुधवारी चर्चमध्ये फादरनी उपासाच्या सुरुवातीची म्हणून तिच्या कपाळाला बोटभर लावली होती; मी घमेलंभर लावली.

मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. तिनं डोळे पुसले, खोकली, आणि म्हणाली, "म्हणजे चालतंय की! आता कुठला घ्यायचा तेवढं बोल." ताई, तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी निवांत झोपलो असतो.

बाकी क्षेम. गुडघ्यांना जप.

तुझा,
थिओफिल

ता. क. – खरं काम हे. पुढच्या रविवारी मार्सेलीन तुला फोन करेल. सहज विचारल्यासारखं विचार, तिला लाकडांचा कंटाळा आलाय की माझा? लाकडांचा असेल तर ब्लोअर घेतो. माझा असेल तरी घ्यावाच लागेल, पण मला कळलेलं बरं.

ता. क. २ – ताई, मी मार्सेलीन. हा पाकीट उघडं टाकून तिकीट आणायला गेलाय. एवढं लांबलचक लिहिलं. त्यात वारा आहे, राख आहे, हार्लन आहे, पण काहिलीखाली लाकडं कोण उचलून घालतं, ते धड नाही. गेल्या हंगामापासून माझा डावा खांदा वर जात नाही. तुम्हाला बोलले होते, याला नाही. याची नजर काहिलीत आणि पाठ माझ्याकडे. सांगितलं असतं तर यानं गुऱ्हाळच बंद केलं असतं, आणि मला ते बंद व्हायला नकोय. जळण कमी लागलं तर अजून काही वर्षं उभी राहीन तिथे. बोलायचं म्हणाल तर ओरडून बोलेन. नाहीतरी ओरडतेच.

ता. क. ३ – वाचलं. जोराचा मागवलाय, दुसऱ्या जातीचा. यंदा लाकडं मी घालणार, काहील ती बघणार. तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस, त्याचं नंतर बघू. रविवारी कंटाळ्याचं काही विचारू नकोस. खांदा कसा आहे तेवढं विचार, आणि जे सांगेल ते मला खरं कळव. मी विचारलं तर ती 'ठीक आहे' म्हणते.