अण्णा, जाऊ नका की जाऊ नको?

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी झालेय. मुकुंदवाडीत घरी बसून परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहिते, मग डबिंगवाले त्यावर आवाज चढवतात. हसू नका, यावरच घर चालतं.

सध्याची मालिका पोलिसांची आहे. एक इन्स्पेक्टर जुन्या चौकीचं दार उघडतो आणि थेट तीस वर्षं मागं जातो. तिथं त्याचा बाप हवालदार आहे, पोरापेक्षाही तरुण. बाप आज ड्युटीवर मरणार, हे पोराला ठाऊक असतं. तो त्याला जाऊ नको म्हणून सांगतो. मूळ मालिका इंग्रजी, तिथं बापाला आणि दोस्ताला एकच शब्द. मराठीत ठरवावं लागतं, ‘जाऊ नका’ की ‘जाऊ नको’? अडले म्हणून तिच्यावरून काढलेल्या कोरियन आणि तुर्की मालिका पाहिल्या. खोटं कशाला बोलू, शब्द तिथं सापडणार नव्हताच. कुठल्या तरी देशात तो बाप थांबतो का, एवढंच बघायचं होतं. नाय थांबत. कोरियातला गुपचूप बूट घालतो, तुर्कस्तानातला चहा तसाच टाकून उठतो.

त्या दिवशी माझं गॅदरिंग होतं आणि तुमची अजिंठ्याच्या रस्त्याला नाकाबंदी. तुम्ही जाऊ नये म्हणून मी तुमचा पट्टा पिठाच्या डब्यामागं लपवला. तुम्ही भाकरी खाता खाता म्हणता, “लई शानी झालीस व्हय? आण इकडं.” मी आणून देते. आई म्हणते, “दही तरी खाऊन जावा.” तुम्ही फटफटीला किक मारता. नाकाबंदीला एक ट्रक थांबला नाही.

मी ‘जाऊ नका’ लिहून पाठवलं. स्टुडिओतल्या पोरीचा फोन आला, “मॅडम, हिरो मोठा दिसतो, हवालदाराला अहो-जाहो कशाला? ‘जाऊ नको’ करा ना.” मी केलं. रडूबिडू काही आलं नाही. फाइल पाठवली, कुकर लावला.

मग ओट्याशी उभी राहून ते वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. “अण्णा, आज जाऊ नको.” जन्मात पहिल्यांदा तुम्हाला अरे-तुरे केलं. तुम्ही काय म्हणाल म्हणून कान दिला, तर मनात उत्तर आलं ते आमच्या डबिंगवाल्याच्या आवाजात. हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. तुमचा आवाज कसा होता, ते मला आठवत नाही.