फिकट रंगाचा सूट आणि दारामागचा कोट

माय, तुझ्या मुलाला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पँट घालावी लागते आहे, आणि या अन्यायाची दाद भिलाईत कुणाकडे मागायची ते ठाऊक नसल्यामुळे तुला लिहितो. तुला वाचता येत नव्हतं आणि तू जाऊन सत्तावीस वर्षं झाली, या दोन्ही अडचणी मी विचारात घेतल्या आहेत. शाळेतल्या हेडमास्तरांकडे गेलो असतो, पण ते स्वतःच पँट घालतात. पक्षपाती माणसासमोर वाद मांडू नये. पँटीविषयी माझा पूर्वपक्ष असा: ती दोन पायांची कायमची ताटातूट करते, मांडी घालून बसू लागलं की विरोध करते, आणि उभं राहिलं की आपण काही नेसलो आहोत असं कंबरेला वाटतच नाही. तुझी सून स्वयंपाकघरातून म्हणते, "पायजामाच आहे थो, इस्त्रीचा. एवढा बोभाटा कावून करून राहिले?"

कारण तुझ्या नातवाचं लग्न आहे. तू त्याला पाहिलं नाहीस. आता चोवीस वर्षांचा आहे आणि इथल्या पोलादाच्या कारखान्यात, लोखंड वितळवायच्या भट्टीवर कामाला आहे. मुलगी पंजाबी, कारखान्याच्याच खरेदी विभागातल्या एका साहेबांची. इथं चार मुलखांची माणसं एका नळावर पाणी भरतात, त्यामुळे भांडणं हिंदीत होतात आणि अधूनमधून लग्नंही. तर या व्याह्यांनी लग्नाच्या शनिवार-रविवारी पुरुषांनी काय घालावं याचं पत्रक पाठवलं. टाइप केलेलं, कार्बन कॉपी, वर जावक क्रमांकासकट. शनिवारी संध्याकाळी क्लबच्या हिरवळीवर चहा, फिकट रंगाचा सूट. रविवारी सकाळी विवाह, समयोचित पोशाख. रविवारी रात्री जेवण, काळा गळाबंद कोट. महिना वैशाख. मी जन्मभर शाळेत संस्कृतातली सूत्रं शिकवली, पण इतक्या थोड्या अक्षरांत माणसाला इतका घाम फोडणारं सूत्र पाहिलं नव्हतं.

तरी 'समयोचित' या शब्दात मला फट दिसली. मी त्यावर सविस्तर भाष्य लिहिलं: कन्यादानाला बसणाऱ्या पित्याने शिवलेलं वस्त्र अंगावर घेऊ नये, धोतर नेसावं, उपरणं घ्यावं, बनियन क्षम्य. वर 'जावक क्रमांक एक' असं घातलं आणि त्यांच्याच शिपायाच्या हाती पाठवून दिलं. सूड होता, दुसरं काही नाही. ते रागावतील, मग दोघंही आपापली पत्रकं मागं घेऊ, असा माझा हिशेब. पण लग्न ठरल्यापासून दर रविवारी येतात तसे गेल्या रविवारी दुपारी व्याही स्कूटरवरून आले ते काखेत नवं कोरं धोतर घेऊन. म्हणाले, "पंडितजी, आपका सर्कुलर मिला. अब सिखाइए." समोरच्याने इतक्या सरळपणे आज्ञा पाळली की सूड घेणाऱ्याची मोठी पंचाईत होते.

आता असं चित्र डोळ्यांपुढं आण. आमच्या पुढच्या खोलीत खरेदी विभागाचे साहेब बनियनवर उभे आहेत, पायात अजून काळे मोजे, आणि मी त्यांच्याभोवती फिरत निऱ्या घालतो आहे. ते कासोट्याकडे मान वळवून बघतात आणि विचारतात, "ये पीछे वाला छूट गया तो?" मी म्हणतो, "तो विवाह स्मरणीय होगा." ते इतके हसतात की कासोटा तिथंच सुटतो. मग माझी पाळी. त्यांनी स्वतःचा मलईच्या रंगाचा टेरिलीनचा सूट माझ्यासाठी आणला होता. मी आत जाऊन पँट चढवून आलो. त्यांनी टाय बांधली, मागं सरून पाहिलं, आणि पँटीच्या पट्ट्यात बोटं घालून म्हणाले, "तीन उंगली ढीली है. खुर्सीपार में एक दर्जी है मेरा, कस देगा."

माय, त्या तीन बोटांनी मी एकदम तुझ्या चुलीपाशी जाऊन पोचलो. मामेबहिणीचं लग्न होतं. मी नागपूरच्या पाठशाळेतून आलो होतो तो कुणाचा तरी लोकरी कोट घालून, भर चैत्रात. लोकांना वाटलं, पोरगा शिकून शहाणा झाला. मांडवात मला भोवळ आली. तू दंडाला धरून चुलीपाशी नेलंस आणि म्हणालीस, "नवरदेव तू आहेस काय? मंग तुले कोन पाहून राह्यला? काढ थो कोट." मी काढेना. तू कोटाच्या आत हात घातलास आणि माझ्या करगोट्याखाली बोटं सरकवलीस. दरवेळी गावी आलो की तू हेच करायचीस, पोरगा किती वाळला ते पाहायला. "तीन बोटं जाऊन राह्यले. जेवत नाही कावून?" मी म्हणालो, जेवतो, सगळ्या वारांना घरं लागली आहेत, मंगळवारचं घर तर फारच चांगलं आहे. शेतकऱ्याच्या पोराला वारानं जेवू घालणारी घरं मला पाचच मिळाली होती, आणि मंगळवार त्यात नव्हता. परत निघताना तू लाडवांचा डबा दिलास आणि बजावलंस, "मंगळवारी खाजो." तुला कसं कळलं, हे विचारायचं राहून गेलं.

मी पँटीत तसाच उभा होतो, तेवढ्यात तुझा नातू पहिली पाळी संपवून आला. भट्टीला रविवार नसतो. दारातच थांबला. एक बाप अर्ध्या धोतरात, दुसरा टायमध्ये. "बाबा, ये क्या चल रहा है? तुम्ही दोघं बरे आहात ना?" व्याही गंभीरपणे म्हणाले, "रिहर्सल." तो हसत आला, अंगातला कोट दारामागच्या खिळ्याला टांगला आणि आंघोळीला गेला. हा कोटही लोकरीचा, जाड. वैशाखातही घालावा लागतो. वितळलेलं लोखंड उडतं तेव्हा कातडीऐवजी कोट जळावा, म्हणून. कुठं उडतं, किती उडतं, असं विचारलं की तो म्हणतो, "मी लांबच असतो, बाबा. पुढं दुसरे जातात." हे वाक्य मला ओळखीचं आहे. माझं मंगळवारचं घर त्याच गल्लीत होतं. म्हणून तो आंघोळीला गेला की मी रोज कोट उजेडात धरतो आणि नवी भोकं पडली का ते बघतो.

त्या दिवशी मी हलायच्या आत व्याही हलले. एका हातानं धोतर सावरत दारामागं गेले आणि बाहीवरच्या एका भोकात बोट घातलं. म्हणाले, "ये वाला पिछले इतवार नहीं था." मी म्हणालो, "नहीं था." मग आम्ही दोघं पुन्हा कासोट्याला लागलो. तीन वेळा सुटला, चौथ्यांदा टिकला.

पँटीच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी, तिला खिसे असतात. हा कागद घडी करून त्यातच ठेवतो. टपालात टाकण्यासारखा नाहीच. शनिवारी मी फिकट सूट घालीन, रात्रीच्या जेवणाला काळा कोटही घालीन, आणि बरा दिसेन असं तुझ्या सुनेचं मत आहे. कपड्यांची काळजी मला कधी नव्हतीच, माय. लग्नानंतर राहायला पोराला दुसऱ्या सेक्टरात क्वार्टर मिळालं आहे. कोट आता त्यांच्या दारामागं टांगलेला असेल. तिथं जाऊन तो उजेडात धरता येणार नाही, आणि नव्या सुनेला विचारावं तर ती घाबरेल. तो भट्टीच्या किती जवळ उभा राहतो, हे मला आता कळणार नाही.